मेल्यावर मिळालेली बदली

इस्पितळाच्या धुलाईखान्याला दोन बाजू होत्या, ओली आणि कोरडी. ओलीत रक्ता-पुवाच्या चादरी यायच्या, कोरडीत इस्त्री व्हायची. काळी माणसं ओलीत, गोरी कोरडीत. असं कुठल्या कागदावर नव्हतं, पण चुकूनही कधी अदलाबदल झाली नव्हती.

युनियनच्या पुढाऱ्याला सगळे ड्रायव्हरदादा म्हणायचे, कारण तो कपड्यांची गाडी चालवायचा. त्याची बायको ओलीतली. कोरडीत बदली मिळावी म्हणून तिनं तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं, जागा नाही. दोन महिन्यांपूर्वी ती गेली, फुफ्फुसात पाणी होऊन. साबणानं घासघासूनही तिच्या हाताचा ब्लीचचा वास जायचा नाही. आता घरात तो वास नव्हता, आणि दादाला घास गिळवत नव्हता.

पगाराच्या कराराच्या दिवशी इस्पितळाच्या साहेबांनी त्याला आधी दर्शनी खोलीत नेलं. भिंतीवर मोठ्या चौकटीत बायको होती.

"वहिनींनी इथं जन्म काढला. म्हटलं, आठवण राहावी."

नाक तिचं, डोळे तिचे. रंग मात्र दुधात धुतल्यासारखा.

"ही गोरी कशी झाली?"

"फोटो जरा उजळ करून घेतलाय. बाहेरचे लोक येतात ना इथं."

साहेबांचं अत्तर दादाच्या घशात उतरलं.

तिथल्याच टेबलावर करार होता. पगारवाढ कोरडीला, ओलीचं पुढच्या वर्षी बघू. कुणालाही कुठल्याही बाजूला बदली मिळेल, हे कलम सरळ खोडलेलं.

"घ्या मिळतंय ते," त्याच्याच युनियनचा सेक्रेटरी म्हणाला. तो कोरडीतला. "सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं ओल्यापायी सुकं भिजायचं, दादा!"

साहेब खो खो हसले. सेक्रेटरीही हसला, मिशीला बिस्किटाचा चुरा. मागच्या संपात याच तोंडानं त्यानं दादाच्या घरी, बायकोच्या हातचं, तीनदा मागून खाल्लं होतं.

दादा उठला. भिंतीवरचा फोटो काढून काखेत मारला आणि थेट ओलीत गेला. मावशी यंत्रात चादरी कोंबत होती. बायकोच्या शेजारी एकोणीस वर्षं उभी राहिलेली बाई. पदराला हात पुसून तिनं फोटो पाहिला.

"कोण रे ही? साहेबांची बहीण?"

"नीट बघ. तुझी जोडीदारीण."

मावशी बघतच राहिली. मग म्हणाली, "जिवंतपणी जागा नव्हती. मेल्यावर दिली होय मेल्यांनी कोरडीत बदली!"

कुणी हसलं नाही. सेक्रेटरी पेन घेऊन दारात आला, नाकावर रुमाल धरून. "दादा, साहेब थांबलेत सहीला."

"थांबू देत. मावशी, यंत्र बंद कर."

मावशीनं लाल बटण दाबलं. मग शेजारणीनं, मग तिच्या पलीकडचीनं. ओली थांबल्यावर कोरडीवाले इस्त्री कशाची करणार होते?

सेक्रेटरीचा रुमाल खाली आला. "दादा, अहो, आमचं काय?"

दादानं फोटो मळक्या चादरींवर पालथा ठेवला आणि मोरीत जाऊन थुंकला. अत्तर अजून घशातच होतं.