सौनात जन्मलेला शब्द

मी एक जुना फिन्निश शब्द आहे, मित्रांनो. नाव ताइवुतुस, म्हणजे वाकवणं. माझा जन्म सौनातल्या, म्हणजे लाकडं जाळून तापवलेल्या आमच्या न्हाणीघरातल्या, वाफेत झाला. त्यात नवल नाही, आमच्या गावात पोरंही तिथंच जन्मत.

बर्फावरच्या घसरगाड्या बनवणारी रीक्का भूर्जाची पट्टी वाफेत मऊ करून तिचं टोक वर वळवायची. त्या कामाचं नाव मी. एकदा तिनं मला नुसतं उच्चारलं, तर शेजाऱ्याच्या कुंपणाची काठी वाकली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

मग गावात तानेली मास्तर आले. शब्द वाक्यात शिरताना शेपटी बदलतात, तो धडा ते शिकवत. धड्याचं नाव मात्र लॅटिन. ते उच्चारताना पोरं रडकुंडीला येत. रीक्कानं आपल्या लेकीला, लोवीसाला, शाळेतून काढलं, आणि तिचं बघून निम्मे बाक ओस पडले. उरलेले ओस पडले की शाळेला कुलूप.

मास्तर समजूत घालायला आले, तेव्हा रीक्का सौनात पट्टी वाकवत होती. आली का पंचाईत! सौनात भांडायचं नाही, तिथं देवळातल्यासारखं वागायचं, ही आमची रीत. मग दोघंही दात आवळून गोड बोलू लागले.

"तुमचा धडा फार छान हो, मास्तर. पोरगी झोपेतही रडते."

"पोरगी गुणाची आहे, रीक्काबाई. घरात डांबून ठेवण्याइतकी."

गिळलेला राग रीक्काच्या हातांत उतरला. पट्टी पुरती तापायच्या आत तिनं जोर लावला, आणि पट्टी कडकन मोडली. ती उठली, बाहेर बर्फात जाऊन मनसोक्त शिव्या देऊन आली आणि निमूट जागेवर बसली. मास्तरांना हसू आवरेना. मग तिलाही.

"घाई नडली," ती म्हणाली.

"मलाही तीच नडली. या कामाला काय म्हणता तुम्ही?"

"ताइवुतुस. दुसरं काय म्हणणार?"

शब्दांच्या शेपट्याही वाकवाव्याच लागतात, म्हणून मास्तरांनी धड्याचं लॅटिन नाव पुसून फळ्यावर मला लिहिलं. लोवीसा परत आली आणि मला बघून म्हणाली, "अय्या, हा तर आमच्या घरचा." हळूहळू बाक भरले.

हल्ली मी व्याकरणाच्या पुस्तकात असतो. मुलं मला पाहून जांभया देतात. माझ्या अंगाला धुराचा वास आहे, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. मित्रांनो, एखादा शब्द पाठ करण्याआधी त्याला त्याचं गाव तर विचारा. आणि कुणाला वाकवायचंच असेल, तर आधी ऊब द्या.

त्या मोडक्या पट्टीचा तुकडा रीक्कानं मास्तरांना दिला होता. "फळ्यावर दाखवायला घ्या," ती म्हणाली, "पोरांवर उगारायला नाही." शाळेत तो झिजून बोटाएवढा झाला, पण झिजला फळ्यावरच.