तीन म्हणजे ये

त्या मंगळवारी दुपारी बाबांनी खेळातल्या आपल्या प्राण्याला पाय द्यायचं साफ नाकारलं. जायचंय कुठे, सगळीकडे सारखंच उजाड, असं त्यांचं म्हणणं. एवढं सांगायला त्यांना चारदा थांबावं लागलं.

हवा नसलेल्या ग्रहावर कोण जगू शकेल, हा आमचा खेळ मी सात वर्षांची असल्यापासूनचा. बाबा काचकाम करायचे. प्रयोगशाळांसाठी नळ्या, चंबू, हंड्या फुंकून घडवायचे. एकदा कारखान्यात त्यांनी काचेच्या हंडीखाली विजेची घंटा ठेवली आणि पंपाने आतली हवा काढून घेतली. छोटी हातोडी घंटेवर आपटताना दिसत होती, पण आवाज विरत विरत नाहीसा झाला. मी भोकाड पसरलं. मला वाटलं, आत कोणीतरी ओरडतंय आणि ते कोणालाच कळणार नाही.

मला गप्प करायला बाबांनी तिथल्या तिथे एक प्राणी रचला. हवा नाही, म्हणून त्याला तोंड नाही, नाक नाही. तो खडकाला चिकटलेला असतो आणि खडकावरच ठोके देऊन बोलतो, कारण आवाज दगडातून जातो. एक ठोका म्हणजे ‘आहेस का?’ दोन म्हणजे ‘आहे.’ बस, त्याची भाषा एवढीच.

पुढे मी पुस्तकं वाचायला लागले आणि खेळात दुरुस्त्या सुचवू लागले. हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात, वर्षानुवर्षं सुकून पडून राहणारे आणि पाण्याच्या थेंबाने जागे होणारे बारीक जीव असतात, असं मी ऐकवायचे. बाबा मला मास्तरीणबाई म्हणत. तुझे जीव नुसते तग धरतात, माझा विचारपूस करतो, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

चाळीस वर्षं काच फुंकून त्यांची फुप्फुसं कामातून गेली. शेवटची दोन वर्षं ऑक्सिजनच्या यंत्रावर काढली. यंत्राची घरघर झोपू देईना, म्हणून ते बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवलं होतं. लांब नळी दाराखालून त्यांच्या पलंगापर्यंत यायची. पलंगालगतच्या भिंतीच्या अलीकडे, शेजारच्या खोलीत माझं टेबल. तिथे मी दिवसभर पुस्तकांची मुद्रितं तपासत बसे. बोलायला हवा खर्च होते, म्हणून बाबा चष्म्याच्या पत्र्याच्या घराने भिंतीवर एक ठोका देत. मी पेन्सिलीने दोन देई. घरात दोन सुतारपक्षी पाळलेत, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

तर मंगळवारी पायांचा प्रश्न निकालात निघाल्यावर बाबा म्हणाले, भाषेत अजून एक शब्द हवा.

"तीन म्हणजे ये."

"येणार कसा? पाय तुम्हीच दिले नाहीत," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."

ते हसले. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबला तेव्हा त्यांची नखं निळसर झाली होती. मग ते हळूच म्हणाले की असं असेल तर तिथे एकट्याने राहणं फार भीतीचं आहे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा घ्यायला उठले. वादात जिंकल्याचा मला आनंद झाला होता.

बुधवारी दुपारी आई औषधं आणायला गेली. मी कामात होते. भिंतीवर ठोके पडले. तीन.

मला वाटलं, हट्टाला पेटलेत. मी दोन दिले.

पुन्हा तीन, जरा सावकाश. बाहेर यंत्राची घरघर नेहमीसारखी चालू होती. मी स्वतःशीच हसले आणि मुद्दाम जोरात दोन दिले. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या खेपेला एकच ठोका आला आणि मग पत्रा भिंतीवरून घसरत गेल्यासारखा आवाज. एका जोडाक्षराशी माझी झटापट चालू होती. मी न बघताच दोन दिले. पुढे काही आलं नाही. हार मानली, असं मी धरून चालले.

नळी पलंगाच्या पायाखाली येऊन दुमडली होती. आई परत आली तेव्हाही यंत्र चालूच होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काकांनी विचारलं, आईने तर कितीदा विचारलं, त्यांनी हाक मारली नाही का गं? मी नाही म्हणाले. ते खरंही होतं. शब्द तपासणं हाच माझा धंदा. हाक या शब्दात काय बसतं आणि काय बाहेर राहतं, हे मला नेमकं ठाऊक होतं.

यंत्रवाला यंत्र घेऊन गेला आणि घर गप्प झालं. हंडीतली हवा काढल्यावर होतं तसं. मी टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं. तरी वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, नळाचा पाइप वाजला, की मी मोजायला लागायचे. बाबांचं भूत येईल अशी भीती नव्हती. भीती वेगळी होती. डोळे मिटले की तो ग्रह दिसायचा. भरदिवसा काळं आकाश, आणि बाबा खडकाला चिकटलेले. ते तीन ठोके देतायत. चहूकडून उत्तरं येतायत, आहे, आहे, आहे. येत मात्र कोणीच नाही.

अठराव्या दिवशी सकाळी भिंतीवर ठोके पडले.

तीन.

माझ्या हाताने पेन्सिल उचललीसुद्धा होती, दोन द्यायला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि उठले. माझ्या खुर्चीपासून बाबांचा पलंग अकरा पावलांवर होता. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजली.

आई स्टुलावर उभी होती. हातात हातोडी, ओठांत एक खिळा. बाबांचा फोटो उशीला टेकवून ठेवलेला. तिने खिळा तोंडातून काढला आणि म्हणाली की भिंत भलतीच कडक आहे, पहिला खिळा वाकला, तुझ्या कामात उगाच खोळंबा झाला. मग माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "तिकडे ऐकू आलं का एवढं?"

मी स्टूल घट्ट धरलं.

"आई, बाबांनी तीन ठोके दिले होते. मला ऐकू आले होते. मी आले नाही."