तीन ठिपक्यांचं पोलकं

सुशिलाबाई म्हणजे गोंदियाच्या पोरींच्या शाळेची मोठी बाई. नागपूरकडून आलेली. अंगावर मांस नाही, पण नाक असं वर की पावसाचं पाणी आत जावं. अन् रोज पांढरंफेक, बारीक काठाचं पातळ. रोज! लढाईचे दिवस, कापड कंट्रोलात, आमच्या मुर्रीतल्या बाया एका लुगड्यावर वर्ष काढून राहिल्या होत्या, अन् ही बया बगळ्यावाणी मिरवून राहिली. तिले पाहिलं की मले मळमळून ये.

तिनंच तो कायदा काढला. पोरींनी पांढरं पोलकं अन् निळा परकर घालून यावं. दर सोमवारी पाहणी. कपडे चांगले असले तर वहीत नावापुढं बरोबरची खूण, नाही तर फुली. तीन फुल्या झाल्या की नाव कट. कपडा धुवायचा कोणी, वाळवायचा कुठं, खळ करून ताठ करायचा कसा, ते काही त्या कायद्यात नव्हतं. कायदे काढणाऱ्यानं कधी भादव्यातला चिखल तुडवला असते का, बाप्पा?

माझ्या शामकलाच्या नावापुढं दोन फुल्या बसल्या होत्या.

पहिली चिखलाची. मुर्रीहून शाळा फार लांब नाही, पण वाट सारी धानाच्या बांध्यांमधून, अरुंद निसरड्या धुऱ्याधुऱ्यानं. त्या धुऱ्यावरून बैल घसरते, तर सात वर्षांच्या पोरीचं काय सांगू! परकराले चार शिंतोडे दिसले अन् बाईनं फुली हाणली. दुसरी फुली तर ऐकण्यासारखी. पोरीले जोड एकच. तो आदल्या दिवशी धुतला, पण आभाळ फाटलेलं, वाळंना. म्हणून मी तो चुलीवर धरून वाळवला. डाग नव्हता, चिखल नव्हता. तर बाईनं पोलक्याचा वास घेतला. वास! ‘‘धूर येतो आहे,’’ म्हणे, अन् फुली. अवं, आमच्या घरी चूल हाये म्हणून धूर येते. तुझ्या घरी काय देवळातला कापूर जाळतेस? असं मी घरी बसून म्हटलं. तिच्या तोंडावर म्हणायले मी तिथं कुठं होती?

घरात सासू वाटच पाहून राहिली होती. माझी सासू धुरपताबाई. बोलली की वाटे कोणी दगड फेकून मारला.

‘‘पडू दे तिसरी फुली,’’ ती म्हणे. ‘‘मग शेळ्या राखंल. मुर्रीतली कोणती पोरगी शिकून बालिस्टर झाली?’’

अन् माझा नवरा उदाराम? त्याचं मत म्हणजे मायचं मत. घरची शेती माझ्या हातानं होई, त्याच्या हातानं फक्त गोंदियाचा बाजार होई. बाजाराले जायचं एक वेगळं धोतर होतं त्याचं, मिलचं, पांढरं. ते नेसला की बोलणं बी बदले. हिंदी झाडे. ‘‘क्या भाव दिया?’’ म्हणे, अन् घेई काय, तर दोन पैशाचे फुटाणे.

मी मात्र ठरवलं होतं, शामकला शिकंल. काऊन ते बी सांगून ठेवते. तीन वर्षांमागं माझ्या भावाचं पत्र आलं केशोरीहून. घरात वाचणारं कोणी नाही. उदाराम म्हणे, बाजाराच्या दिवशी वाचून आणू, एवढी काय घाई हाये. दोन दिवस ते पत्र मी कंबरेले खोचून धान निंदत होती. वाचून आणलं तेव्हा कळलं, माय सिरीयस हाये, लवकर ये. मी पोचली तेव्हा तिची राख बी थंड झाली होती. त्या दिवशी मी मनात म्हटलं, माझी पोर अशी कागद खोचून फिरणार नाही. तिसऱ्या फुलीनं माझं तेवढंच जाणार होतं, पण तेच सारं होतं.

त्या रविवारी सकाळी मी रुख्मा वरठीणीकडं गेली, कपडे धुवायची खार मागायले. रुख्मा आमच्या गावचे अन् गोंदियातले बी कपडे धुई. तिच्याकडं कपडा दिला की आठ दिवस दिसत नसे. आळशी, दुसरं काय! म्हणून तर शामकलाचं पोलकं मी तिच्या हाती देत नव्हती. ती अंगणात बिबा फोडून बसली होती, अन् त्याच्या तेलात काडी बुडवून कपड्यांच्या कोपऱ्यावर खुणा करत होती. बिब्याची खूण कपडा फाटला तरी जात नाही. ज्या घरची जी खूण, ती जन्माची.

‘‘हे पाह्य, तुमच्या घरचे तीन ठिपके,’’ ती म्हणाली. ‘‘ही उभी रेघ बिसरामच्या घरची. अन् हा चांद, त्याच्या पोटात ठिपका, हा गोंदियाच्या गिरणीवाल्या शेटच्या मायचा.’’

दोरीवर शेटच्या मायचं पातळ वाळत होतं. वाळत कायचं, खणखणीत वाळलेलं.

‘‘मग म्हातारीले नेऊन काऊन देत नाहीस?’’ मी म्हटलं. ‘‘आठ-आठ दिवस लोकांचे कपडे दाबून बसतेस.’’

‘‘म्हातारीले काय घाई? तिच्यापाशी अशी बारा हायेत,’’ रुख्मा म्हणाली, अन् हसली. मले त्या हसण्याचा रागच आला. मग खार देताना म्हणते, ‘‘देवके, खळ करशील तर बिनमिठाच्या पेजेची कर बरं.’’

मी नाक मुरडलं. धानाच्या घरची सून मी, अन् ही वरठीण मले पेज शिकवणार!

दुपारी ऊन निघालं. मी पोलकं खारेत भिजवलं, रिठ्यानं घासलं, निळीच्या पाण्यातून काढलं. असं पांढरं निघालं की सुशिलाबाईचं पातळ झक मारंल. मग भाताच्या गंजातली पेज घेतली अन् खळ केली. आता आमच्या घरी भाताच्या आंधणातच मीठ पडते, कारण पेज साऱ्यांनी प्यायची असते. ते माझ्या ध्यानात होतं का? होतं. मले वाटलं, मिठानं काय होते! पोलकं कुंपणावर घातलं अन् मी बांधीत गेली.

तासाभरानं आली तर आमची कालवड दावं तोडून कुंपणापाशी उभी. डोळे मिटून रवंथ करावा तशी चावून राहिली होती, अन् तोंडातून पोलक्याची बाही लोंबत होती. मिठाची चव लागली होती तिले. मी ओढलं, तिनं ओढलं. बाही खांद्यापासून तिच्याकडं गेली, बाकीचं माझ्याकडं आलं.

सासू ओसरीत बसून सारं पाहून राहिली होती. हाकललं नाही, उठली बी नाही.

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आता कालवडीलेच धाड शाळेत. तिनं तेवढं शिक्षण खाल्लं.’’

मी रडली. खोटं कायले सांगू? अंगणात बसून, हातात ते एका बाहीचं पोलकं घेऊन, ढसाढसा रडली. अन् जास्त राग सासूचा नव्हता, कालवडीचा नव्हता. रुख्मानं सांगितलं होतं, अन् मी नाक मुरडलं होतं, त्याचा होता. मग शामकला आली अन् माझ्यापाशी बसली. तेव्हा मी डोळे पुसले.

नवं कापड कंट्रोलात, मिळणार कुठं? घरात पांढरं कापड एकच होतं. उदारामचं धोतर. तो पारावर गप्पा हाणत होता. मी धोतर काढलं, अन् अक्कल लढवली. धोतराचा जो कोपरा मागं आत खोचला जाते, तिथलंच कापायचं. ना त्याले कळणार, ना कोणाले दिसणार. दिवेलागणीच्या आत दोन बाह्या कापल्या, उरलेली जुनी बाही काढली, दोन्ही नव्या शिवल्या, बिनमिठाची पेज वेगळी शिजवून परत खळ केली, अन् रात्रभर ओसरीच्या वाऱ्यावर, चुलीपासून लांब वाळत घातलं. धोतर होतं तसं घडी करून ठेवलं.

सोमवारी सकाळी मी शामकलाले जुन्या चिंधीत गुंडाळली, कडेवर घेतली, अन् शाळेचे कपडे गाठोड्यात बांधून डोक्यावर. धुऱ्यावरून माझे पाय गुडघ्यापर्यंत बरबटले, पण गाठोड्यावर एक शिंतोडा उडाला नाही. शाळेच्या व्हरांड्यात पोरीले कपडे घातले. परकर निळा, पोलकं पांढरं, ताठ. उजेडात तिले उभी केली, अन् पाहते तर काय!

उजव्या बाहीवर, बरोबर वरच्या अंगाले, तीन काळे ठिपके.

आमच्या घरची खूण. रुख्मा ती धोतराच्या त्याच कोपऱ्यात करे, जो आत खोचला जाते, जो कोणाले दिसत नाही. अन् मी शहाणीनं नेमका तोच कोपरा कापला होता. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दिसलं नव्हतं, आता साऱ्या जगाले दिसत होतं. बिबा तो, धुऊन थोडाच जाते! घंटा वाजली अन् चाळीस पोरी रांगेत उभ्या राहिल्या.

सुशिलाबाई आली. तेच पातळ, तेच नाक, हातात वही अन् पेन्सिल. पोरींचे कपडे असे बोटाच्या टोकानं उचलून पाहे, जसा मेलेला उंदीर. मी खांबाले धरून उभी होती. शामकलापाशी येऊन ती थांबली.

‘‘हे काय? डाग?’’

‘‘डाग नाही, बाई,’’ मी पुढं होऊन म्हटलं. ‘‘वरठीणीची खूण हाये. धुतलेल्या कपड्याची.’’

तिनं माझ्या चिखलाच्या पायांकडं पाहिलं. तोंडाकडं मग पाहिलं.

‘‘खूण बाहीवर असते का? मला तर डाग दिसतो आहे. आणि आईंनी रांगेत यायचं नसतं.’’

तिनं वही उघडली. शामकला माझ्याकडं पाहून राहिली होती. रडत नव्हती, नुसती पाहत होती, अन् ते माझ्यानं बघवेना. बाई लिहायले वाकली, तसा तिचा पदर खांद्यावरून घसरून पुढं आला. त्याच्या कोपऱ्यावर, आतल्या बाजूनं, बिब्याचा चांद होता. चांदाच्या पोटात ठिपका.

मले अक्षर येत नाही, पण ते मी वाचलं. शेटच्या मायचं पातळ. रुख्माचे आठ दिवस. ‘म्हातारीले काय घाई.’ वाळलेलं पातळ दोरीवर कोणासाठी थांबलेलं असते, ते सारं मले एका झटक्यात कळलं. रुख्माकडून भाड्यानं आणलेलं पातळ नेसून ही बया माझ्या पोरीची बाही उचलून पाहत होती!

मनात आलं, ओरडून सांगावं. चाळीस पोरी होत्या, झाडूवाली होती, दोन मास्तरणी होत्या. शब्द दातापर्यंत आले होते. तेवढ्यात बाईच्या पोलक्याची बाही दिसली. कोपरावर रफू, त्याच्यावर परत रफू. दया-बिया काही आली नाही मले, उगाच मोठेपणा कायले सांगू? पण ओरडली नाही एवढं खरं.

मी तिच्या पदराचं टोक हातात धरलं.

‘‘बाई, तुमच्या बी पदराले डाग हाये.’’

तिनं पाहिलं. वर असलेलं नाक पहिल्यांदा खाली आलं.

‘‘गिरणीवाल्या घरचा चांद,’’ मी तिलेच ऐकू जाईल एवढं बोलली. ‘‘असा आत खोचून ठेवत जा. दिसते.’’

अन् मीच तो पदर तिच्या कंबरेले खोचून दिला. माझ्या लुगड्यावरचा चिखल पांढऱ्या पातळाले थोडा लागला, त्याले माझा इलाज नव्हता.

बाईनं पेन्सिल सरळ धरली. मग ती म्हणाली, ‘‘खूण आहे. डाग नाही.’’ अन् वहीत बरोबरची खूण केली.

पुढच्या पोरीच्या पोलक्यावर हळदीचा हा एवढा पिवळा ओघळ होता. बाई त्याच्याकडं पाहत राहिली. ‘‘स्वच्छ,’’ म्हणाली. त्याच्या पुढचीचा परकर चिखलात लोळलेला. ‘‘स्वच्छ.’’ त्या सोमवारी चाळीसच्या चाळीस पोरी स्वच्छ निघाल्या.

घरी सासू दारातच होती. ‘‘पडली का फुली?’’

‘‘नाही पडली. शेळ्या तुम्हीच राखा,’’ मी म्हटलं अन् आत गेली. उदाराम बाजाराच्या दिवशी ते धोतर नेसून, मागं कोपरा नसल्यानं खोचा सुटून लोंबत होता तरी, छाती काढून गोंदियाभर फिरून आला. मागून सारा बाजार हसला असंल.

सुशिलाबाई अजून तशीच चालते, नाक वर करून. शामकला सांगते, वास घेणं बंद झालं. अन् म्हणते, आता बाई फळ्यावर लिहायले वळल्या की एक हात कंबरेवरच ठेवतात.