मुखपृष्ठासाठी एक चेहरा

विनीतने सातव्या मासिकावर पट्टी ठेवली आणि डोळ्यांपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. मंडळाच्या खोलीतल्या कॅरम बोर्डावर त्याने रद्दीवाल्याकडून आणलेली मासिकं मांडली होती, आणि अंतर सगळीकडे जवळपास तेवढंच भरत होतं. वर ठसठशीत नाव, खाली एकच चेहरा, आणि नजर थेट वाचणाऱ्यावर. 'थेट नजर म्हणजे आत्मविश्वास,' असं त्याने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

लालबागच्या त्या चाळीतलं मंडळ पंच्याहत्तर वर्षांचं होत होतं. विनीत जाहिरात कंपनीत डिझायनर, म्हणून स्मरणिकेचं मुखपृष्ठ त्याच्या गळ्यात पडलं होतं. आजवरच्या प्रत्येक स्मरणिकेवर कार्यकारिणीचे अकरा चेहरे असायचे, हुद्द्याप्रमाणे लहानमोठे, आणि त्यांच्या मधोमध गणपती कसाबसा मावलेला.

त्याच आठवड्याच्या सभेत विनीतने ती मासिकं सगळ्यांच्या तोंडासमोर धरली. एवढ्या गर्दीत बघणारा कुणाकडेच बघत नाही, एकच चेहरा हवा, तोही चाळीतल्या साध्या माणसाचा, असं त्याने ठासून सांगितलं. तरुण मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष तात्या परब मूग गिळून बसले. घरी जाताना विनीतला आपलं फार कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोला.

चेहरा त्याच्याच फोटोंत सापडला. लॉकडाऊनमध्ये मंडळाने धान्य वाटलं, तेव्हा देणगीदारांना पाठवायचे फोटो त्यानेच काढले होते. रांगेतली सगळी माणसं खाली बघत होती. दुसऱ्या मजल्यावरची रखमाकाकी तेवढी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. विनीतने धान्याची पिशवी कापली, देणाऱ्याचा हात कापला, मागचा बॅनर पुसून टाकला. उरला तो नुसता चेहरा, आणि तो फार देखणा होता. त्या दिवसाचं आता त्यात काही राहिलं नाही, असं तो धरून चालला. कार्यकारिणीला चेहरा एकदम छापल्यावरच दाखवायचा, असंही ठरवून टाकलं.

छपाई सोमवारी होती. रविवारी दुपारी तो नमुन्याची प्रत घेऊन काकीकडे गेला. परवानगी मागायला नव्हे, तिला खूश करायला.

काकीची खानावळ होती, सासूपासून चालत आलेली. गिरणीतले गाववाले, मग ऑफिसातली मुलं, सगळे तिथेच जेवले. विनीतची आई आजारी होती तेव्हा तोही वर्षभर तिच्याच ताटावर होता. लॉकडाऊनमध्ये खानावळ बंद पडली. आता पुन्हा डबे जात होते. काकीने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि प्रत हातात घेतली.

"त्या रांगेतला ना रे हा?"

रांग आता दिसतच नाही, असं विनीतने घाईघाईने सांगितलं. मग डोळे कुठे असावेत, नजर कशी असावी, हे सगळं मासिकांचे दाखले देऊन समजावलं.

"बाकी सगळे खाली बघतायत, काकी. तू एकटी कशी ताठ बघतेयस."

"मी तुझ्याकडे बघत होते, झिला," काकी म्हणाली. "म्हटलं, हा तरी मोबाइल खाली घेईल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. विनीतचे कान तापले. फोन त्याने खाली घेतला नव्हताच. उलट, 'काकी, अशीच थांब,' असं म्हणाला होता. आणि ती थांबली होती.

"ठरलंय ना तुमचं? मग छापा. चाळीला कुठे माहीत नाही."

तिने प्रत परत दिली, आमटीखालचा गॅस बारीक केला आणि जेवूनच जा म्हणाली. माफी मागायला हवी होती. पण त्या स्वयंपाकघरात, ताटांच्या त्या चळतीसमोर, त्याला तोंड उघडायचीच लाज वाटली. भूक नाही असं काहीतरी पुटपुटून तो जिना उतरला.

खाली तात्या दोघातिघांबरोबर बसले होते. विनीतने सांगितलं, मुखपृष्ठ जुन्या पद्धतीनेच करू, अकरा चेहऱ्यांचं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तात्यांनी विचारलं,

"सभेत एवढं शिकवलंस आम्हाला. आता काय झालं?" बाकीचे हसू लागले.

कारण सांगायचं तर रखमाकाकीला पुन्हा एकदा त्या रांगेत उभं करावं लागलं असतं.

"माझं चुकलं, तात्या," विनीत म्हणाला. त्याचा आवाज इतका भरून आला होता की बाकीचे हसायचे थांबले.

तात्यांनी मोठ्या मनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. चुकतो माणूस, एवढं मनाला लावून घेऊ नये, असं म्हणाले, आणि आपला फेट्यातला फोटो तिथल्या तिथे त्याला पाठवून दिला.