वाऱ्याचं सोंग

मी एक टेबल फॅन आहे. पंखा म्हणा, चालेल. पण वारा म्हणू नका. यंदाच्या गणपतीत मला वारा म्हणून उभं केलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं जे भणभणतंय ते अजून शांत झालेलं नाही.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या पोटमाळ्यावरचा. जाळी एकीकडून आली, पाती दुसरीकडून, आणि अंगावर एक विलायती नावाची चकचकीत पट्टी चिकटवली गेली. ते नाव मला आजवर धड उच्चारता आलेलं नाही. पण तांब्याच्या बाबतीत शेठनं कंजुषी केली नाही. "साईं, पट्टी निकल जाएगी, मोटर नहीं निकलेगी," असं त्यानं देवदत्तांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पट्टी पहिल्याच वर्षी निघाली. मोटर अजून आहे, आत दांडा फिरतो तो बुश घासलाय एवढंच.

देवदत्त तेव्हा समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात नवे अधिकारी होते. नव्या नवरीला, वृंदावहिनींना, उकाडा सोसत नाही म्हणून त्यांनी मला घेतलं. त्या वसाहतीत लाइट कधी म्हणजे कधी जायची नाही. मी दिवसरात्र फिरायचो. वैदेही झाली तेव्हा तिची दुपटी मीच वाळवली. ती चालायला लागल्यावर माझ्यासमोर येऊन "आऽऽऽ" करायची आणि स्वतःचाच थरथरता आवाज ऐकून खिदळायची. लहान मूल पंख्यासमोर आलं की हे करतंच, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मोठी माणसंही करतात, फक्त आधी आजूबाजूला बघून घेतात. एकदा वैदेहीनं माझ्या जाळीत पेन्सिल घातली. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले, एक तार वाकली, आणि वृंदावहिनींनी धपाटा मात्र मला घातला.

केंद्रात अपघात झाला तर काय करायचं, याच्या सरावाचा भोंगा तिथं महिन्यातून एकदा वाजायचा. सराव आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी भोंगा झाला की वहिनी मला बंद करायच्या आणि वैदेहीला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या राहायच्या, पार देवदत्त सायकलवरून येताना दिसेपर्यंत. एवढ्या उकाड्यात मला का बंद करतात, म्हणून मी मनातल्या मनात चिडायचो.

पुढे देवदत्त निवृत्त झाले आणि आम्ही अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये आलो. छताला पंखे होते, आतल्या खोलीत एसी लागला. माझ्यावर वहिनींचा जुना परकर चढवून मला माळ्यावर टाकलं. तिथं पितळी परात, तुटका पाळणा आणि मी. शुक्रवार तेवढा मला बरोबर कळायचा. दुरुस्तीसाठी म्हणून दर शुक्रवारी लाइट जाते इकडे, आणि मग खालून सगळ्या घरांचे सुस्कारे ऐकू येतात. हवेसाठी जीव कासावीस झालेली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत बसायची आणि मी तिथं वर परकरात.

मग हा यंदाचा गणपती आला.

देवदत्तांना आरास म्हणजे नुसती फुलं चालत नाहीत. दरवर्षी विषय लागतो. देखावा लागतो, त्यावर पाट्या लागतात आणि दर्शनाला आलेल्या माणसाला प्रसादाआधी माहिती ऐकून घ्यावी लागते. यंदाचा विषय घरातच पेटला होता. वैदेही इंजिनिअर झाली होती आणि तिची दोन ठिकाणी निवड झाली होती. एक अणुवीज केंद्रातलं प्रशिक्षण, जे तिच्या वडिलांचं स्वप्न होतं. दुसरं धुळ्याकडच्या पठारावर पवनचक्क्या सांभाळण्याचं काम, जे तिला हवं होतं. गौरी-गणपती विसर्जनानंतर लगेच कुठंतरी होकार कळवायचा होता.

"आपण देखावाच करू," देवदत्त म्हणाले. "अणुऊर्जा की पवनऊर्जा. दोन्ही बाजू मांडू. येणारे लोक ठरवतील."

"बाबा, माझी नोकरी दर्शनाला येणारे लोक ठरवणार?"

"लोक नाही. तर्क ठरवेल."

"ठीक आहे. ठरवू दे तर्काला," वैदेही म्हणाली. हट्ट बापाचाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

वहिनी तेव्हा मोदकांसाठी नारळ खवत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मखराच्या डाव्या हाताला देवदत्तांनी पुठ्ठ्याचा घुमट केला आणि आत तांबडा दिवा लावला. उजव्या हाताला वैदेहीनं हिरव्या कागदाचं पठार केलं आणि त्यावर पांढऱ्या पवनचक्क्या रोवल्या. त्या फिरवायला वारा हवा. म्हणून मला माळ्यावरून काढलं, पुसलं, आणि पडद्यामागे दडवलं. माझी वायर आणि घुमटाची वायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात.

आता तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? मी भिंतीतली वीज खायची, वारा काढायचा, त्या वाऱ्यानं पुठ्ठ्याची पाती फिरायची, आणि बघणाऱ्यांनी माना डोलवायच्या की वा, वाऱ्यापासून वीज! माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी खोटी साक्ष दिलेली नव्हती. एवढं इंजिनिअरचं घर, पण कुणाच्या मनातही आलं नाही. मी ओरडून सांगणार कसा? मला घरघर तेवढी करता येते, आणि ती केली की लोक म्हणतात, बुश गेलाय.

पाहुणे येत राहिले आणि वाद रंगत राहिला.

"आमचं केंद्र एकदा सुरू झालं की महिनोन्‌महिने अखंड चालतं," देवदत्त सांगायचे. "धूर नाही, जागा थोडी. आणि वारा? वारा काय आपला नोकर आहे? आषाढात नको इतका वाहतो. ऐन ऑक्टोबरात, माणसं घामानं निथळत असताना, हा गायब. मग हॉस्पिटलं काय हातपंख्यावर चालवायची?"

असं म्हणताना ते हळूच पडद्यामागे हात घालायचे आणि माझी कळ तीनवरून एकवर आणायचे. पाती रेंगाळायची. पाहुणे म्हणायचे, "खरंय बुवा." वैदेहीला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं, यासारखा छळ नाही.

वैदेहीही मागे हटणारी नव्हती. "तुमचं केंद्र उभं राहायला किती वर्षं लागली, बाबा? आमची चक्की एका हंगामात उभी राहते. आणि तुमचा तो जळून उरलेला कचरा? तो माझ्या नातवंडांच्या नातवंडांनी राखत बसायचा का? त्यांना कुणी विचारलं?"

"तो नीट बंदोबस्तात ठेवतात."

"ठेवतात, मान्य. पण राखावा लागतोच ना?"

खरं सांगू? मला दोघांचंही पटायचं. पंख्यापेक्षा ऑक्टोबर कुणाला जास्त कळतो? वारा पडतो म्हणून तर माझा जन्म. देवदत्तांचा मुद्दा माझ्याच अंगावर लिहिलेला होता. पण राखण ही काय चीज असते, हे माळ्यावर पडून राहिलेल्यालाच कळतं. त्या तुटक्या पाळण्याचं काय करायचं हे त्या घरात कुणी ठरवू शकलं नव्हतं, आणि तो नुसता लाकडाचा होता. मला वाटायचं, अरे, दोन्हीही लागतील, दोघांतही खोट आहे, आता पोरीला तिची वाट तिला निवडू द्या. पण वाद घालणाऱ्या माणसाला मध्येच कुणी "दोन्ही" म्हटलेलं आवडत नाही.

शुक्रवारी दुपारी शेजारचे चिंतामणी आले. आनंदनगर एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. देवदत्तांनी त्यांना घुमटासमोर उभं केलं आणि माहिती सुरू केली.

"देवदत्तराव, एक सांगू का?" चिंतामणी हात जोडून म्हणाले. "तुमचा अणू बेस्ट, ताईंचा वारापण बेस्ट. मला फक्त येवढं सांगा, शुक्रवारी आमची मशीनं का बोंबलतात? वीज कुठून येते ते सोडा, मधेच जाते कुठं?"

"तो वितरणाचा प्रश्न आहे," देवदत्त म्हणाले. "इथं आपण मूलभूत विषय..."

आणि लाइट गेली.

तांबडा दिवा विझला. मी थांबलो. माझ्यामागून पवनचक्क्या थांबल्या. चिंतामणी पोट धरून हसायला लागले. "घ्या! अणूपण गेला आणि वारापण गेला. सेम टाइम!"

वैदेहीनं पडदा बाजूला केला. एकच बोर्ड, त्यात दोघांच्या वायरी, आणि माझी कळ एकवर.

"एकवर कुणी केला?" तिनं विचारलं. देवदत्त घुमटाकडे बघायला लागले. "बाबा, तुम्ही? एवढे दिवस लोकांसमोर?"

"दाखवायला नको का? खरंच पडतो वारा."

"मग माझ्याशी बोलायचं. पंख्याशी काय खेळता?"

मखरात फक्त समईचा उजेड राहिला होता. माझी घरघर बंद पडलेली, वरचे पंखे बंद. इतकी शांतता त्या घरात गेल्या आठवडाभरात नव्हती. आणि त्या शांततेत वृंदावहिनी समईत तेल घालता घालता बोलल्या.

"तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"अहो, तिकडे भोंगा वाजायचा ना महिन्याला. सराव असायचा. मला माहीत असायचं. तरी मी पंखा बंद करायची आणि खिडकीत उभी राहायची. पंख्याच्या आवाजात तुमच्या सायकलची घंटी ऐकू येत नाही म्हणून. सगळी वर्षं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्ही म्हणाला असता, काही धोका नाही, आकडे बघ." त्या वैदेहीकडे वळल्या. "आणि तू त्या पवनचक्कीच्या शिडीनं एवढ्या उंच चढणार. म्हणजे मी परत खिडकीतच. तुमचं काही पण निवडा, माझं काम बदलत नाही. कुणाची वीज चांगली ते मला नाही ठरवता येत. पण माझी खिडकी तरी त्या तर्कात धरा."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आयुष्यभर मी समजत होतो की बाई विनाकारण मला बंद करते. त्या घरात तिचा आवाज ऐकू यायला आम्हा सगळ्यांना बंद पडावं लागलं.

चिंतामणींनी गुपचूप प्रसाद घेतला आणि चपला घातल्या. मग वैदेही आईजवळ जाऊन बसली.

"आई, बाबा म्हणतात ते ऑक्टोबरचं मला माहितीये. मी ते नाकारत नाही. वारा नसेल तेव्हा काय करायचं, हेच मला तिथं राहून बघायचंय. सगळं सोडवलेलं असतं तर मी कशाला गेले असते?"

संध्याकाळी लाइट आली. आरतीच्या आधी देवदत्त पडद्यामागे वाकले, त्यांनी मला सुरू केलं आणि कळ तीनवर नेली. ती विसर्जनापर्यंत तीनवरच राहिली. त्या घरात होकार असाच कळतो.

वैदेही गेली. देखावा मोडला. मला परत माळ्यावर टाकतील असं वाटलं होतं, पण वहिनींनी मला हॉलच्या खिडकीशी स्टुलावर ठेवून घेतलं. आता ऑक्टोबर आहे. बाहेर पान हलत नाही. देवदत्त रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून लेकीला फोन लावतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आज वारा आहे का?" ज्या वाऱ्याला त्यांनी दहा जणांत बदनाम केलं, त्याची आता रोज विचारपूस.

काल तिचा आवाज स्पीकरवर होता. "नाही बाबा, अजिबात नाही. पाती उभी आहेत."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, "बोललो होतो ना?" ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग आज आराम असेल तुला."

"आराम कसला? वारा नसतो तेव्हाच तर वर चढून दुरुस्ती करता येते. वाऱ्यात कुणाला चढू देत नाहीत. उद्या सकाळी मी वर आहे."

फोन ठेवला गेला.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मानेचा खटका दाबून माझं डावं-उजवं वळणं थांबवलं, मला उचलून तोंड खिडकीबाहेर केलं आणि कळ तीनवर नेली. देवदत्तांच्या अंगावरचा वारा गेला. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला, तरी त्यांनी मला वळवलं नाही.

मला माझी लायकी माहीत आहे. मी उल्हासनगरचा पंखा, माझा वारा समोरच्या इमारतीपर्यंतही पोचत नाही. धुळ्याचं पठार आणि वैदेहीची ती शिडी कुठल्या कुठं. मला वारा म्हणू नका असं मी सुरुवातीला म्हणालो. पण आता कुणीतरी माझ्या बुशात दोन थेंब तेल सोडा हो. उद्या सकाळपर्यंत मला फिरायचंय.