डाव्या बुटाची रीत

बिजागऱ्यांच्या त्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार बघणाऱ्या कारकुनाला सगळे 'सातसमुद्रे' म्हणत. गडी एकोणीस वर्षांत गावाची वेस दोनदाच ओलांडून गेला होता, तेही सासुरवाडीला. पण परदेशातलं पत्र आलं की त्याच्या टेबलावर यायचं, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने जगातल्या यच्चयावत चालीरीतींचा मक्ता घेतला होता. दर सोमवारी तो नोटीस बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद लावायचा. कुठे सूप भुरके मारत प्यायलं की यजमान खूश होतो, कुठे ताट चाटूनपुसून संपवलं तर पाहुणा उपाशी राहिला असं समजतात, कुठे भेटवस्तू देणाऱ्यासमोर उघडणं म्हणजे शुद्ध हावरटपणा. कामगार डबा खाता खाता वाचायचे आणि 'काय एकेक नग आहेत जगात!' म्हणून हसायचे.

ही सगळी विद्या तो एका मासिकातून उतरवून घ्यायचा. एके दिवशी ते मासिकच बंद पडलं. सोमवार काही बंद पडला नाही. कागद लावला नाही तर अब्रू जाते, म्हणून पठ्ठ्याने दिलं ठोकून: 'एका थंड देशात व्यापाराची बोलणी सुरू होण्यापूर्वी पाहुणा आपला डावा बूट काढून यजमानाच्या हाती देतो. बोलणी अर्धवट टाकून कोणी उठून जाऊ नये, हा त्यामागचा उदात्त हेतू.' 'उदात्त' हा शब्द त्याला स्वतःलाच इतका आवडला की त्याखाली त्याने रेघ मारली. खऱ्या रीतींना मिळाली नव्हती एवढी वाहवा या थापेला मिळाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण महिन्याभराने शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. जहाजांच्या दारांना बसवायच्या दोन लाख बिजागऱ्यांची ऑर्डर मिळते का बघायला शेठ परदेशी निघाले होते, आणि देश नेमका थंड होता.

"काय हो सातसमुद्रे, ते बुटाचं याच लोकांचं ना?"

थंड देश काय जगात एकच आहे? 'नाही शेठ, ते दुसरे' एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. पण शेठ त्याच दमात पुढे म्हणाले, "हे जमलं की निर्यात विभाग काढायचाय. मॅनेजर म्हणून भाच्याला आणणार होतो, चार वर्षं तिथेच शिकून आलाय तो. पण तुमच्यासारखा जाणकार हाताशी असताना त्याला कशाला त्रास?"

"याच लोकांचं, शेठ," सातसमुद्रे म्हणाला. "अगदी याच लोकांचं."

घरी बायकोने ऐकलं आणि हातातली इस्त्री बाजूला ठेवली. "अहो, त्या भल्या माणसाला परमुलखात एका बुटावर उभं करणार तुम्ही? उद्याच्या उद्या जाऊन खरं सांगा."

"सांगतो ना. सकाळीच सांगतो."

शेठ निघायला आठ सकाळी होत्या. आठही सकाळी हा केबिनच्या दारापर्यंत जायचा, "पंखा नीट चाललाय ना शेठ?" एवढं विचारायचा आणि परत यायचा. नवव्या दिवशी शेठ विमानात बसले.

पुढचे दहा दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. फोन वाजला की तो दुसऱ्याला उचलायला लावायचा. आता शेठ परत येणार आणि तोच बूट काढून आपल्याला हाणणार, असं त्याच्या डोळ्यांसमोर यायचं.

शेठ आले ते नाचतच. सगळ्या ऑफिसला उभं करून त्यांनी हकिगत सांगितली. "मी बूट काढून त्यांच्या साहेबाच्या हातात ठेवला. तो मिनिटभर बघतच राहिला. त्याला वाटलंच नसणार की इतक्या लांबच्या माणसाला हे माहीत असेल! मग त्यानेही आपला काढून मला दिला. चार तास बसलो, कोणी उठलं म्हणून नाही. उठणार कसं? ऑर्डर पक्की! पुढच्या महिन्यात ते सह्या करायला इथे येतायत. सह्या झाल्या की सातसमुद्रे, मॅनेजरची खुर्ची तुमची."

"बघ," सातसमुद्रे घरी म्हणाला.

"बघतेय," बायको म्हणाली. "खड्डा आता दोन माणसं मावतील एवढा झालाय."

पाहुणे आले. चार जण आणि त्यांची दुभाषी बाई. गाडीतून उतरल्या उतरल्या पाचही जणांनी मुकाट्याने डावा बूट काढला आणि हातात घेऊन लंगडत पायऱ्या चढले. स्वागताला सातसमुद्रेच उभा होता. बाई त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुमची ही रीत आमच्या साहेबांना फार आवडली हो. महिनाभर सराव करायला लावला आम्हाला. तुमच्याकडे येऊन काही चुकायला नको म्हणून."

'तुमची' हा शब्द ऐकला आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे त्या लोकांना ही आपली रीत वाटत होती आणि शेठना त्यांची. आता बैठकीत कुणीही या बुटाचं नाव काढू नये, एवढंच मागणं त्याने देवाकडे मागितलं. पण शेठना गप्प बसवायला देव कुठून पुरणार?

यजमानांनीही डावे बूट काढले आणि सगळे टेबलाभोवती बसले. भाचाही होता, त्या देशाचा जाणकार म्हणून शेठनी मुद्दाम बोलावलेला. सह्यांचे कागद समोर आले, तसे शेठ छातीवर हात ठेवून दुभाषी बाईंना म्हणाले, "साहेबांना सांगा, बुटाची ही तुमची परंपरा म्हणजे आमच्यासाठी मोठी शिकवण आहे."

"आमची?" बाई थबकल्या. "आमच्याकडे कुठे..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेठनी सातसमुद्रेकडे पाहिलं. आपण इतके दिवस एकमेकांसमोर बूट काढून येडे ठरलो की काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यावर एकदमच उमटला. एकोणीस वर्षांची नोकरी सातसमुद्रेला टेबलावरून घरंगळत जाताना दिसली.

तेवढ्यात भाचा हसला. "मामा, ही रीत दोघांचीही आहे! पूर्वीचे व्यापारी ती इकडून तिकडे घेऊन गेले. शहरातल्या लोकांना ठाऊक नसते, पण तिथल्या खेड्यांतून मी स्वतः डोळ्यांनी पाहिलीय. फक्त आपलं एक चुकतंय. बूट एकमेकांकडे नाही ठेवायचे. एखाद्या जुन्या, विश्वासू माणसाला दाराबाहेर बसवून त्याच्या मांडीवर द्यायचे."

बाईंनी भाषांतर केलं. साहेबांचा चेहरा उजळला. आपण येडे नाही म्हटल्यावर कोणाचा उजळत नाही? शेठ तर गहिवरलेच. "बघा सातसमुद्रे! नुसतं वाचलेलं कुठे आणि पाहिलेलं कुठे! त्या खुर्चीवर डोळ्यांनी पाहून आलेलाच माणूस हवा." आणि तिथल्या तिथे भाच्याला त्यांनी मॅनेजर करून टाकलं.

असली रीत जगाच्या पाठीवर कुठेच नाही, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस त्या खोलीत एकच होता. जुना आणि विश्वासू म्हणून बाहेर स्टुलावर तोच बसला, मांडीवर आठ डावे बूट घेऊन. त्यातला एक त्याचा स्वतःचा होता. रागाने त्याचे कान तापले होते, पण राग काढायचा कुणावर? थापेवर मालकी तरी कशी सांगायची?

थोड्या वेळाने भाचा पाणी प्यायला बाहेर आला. इकडेतिकडे बघत खाली वाकून म्हणाला, "काका, एक विचारू? रीत खरंच असते का हो ही? चार वर्षांत मला एकाही घरी कोणी बोलावलं नाही. मी पाहणार कुठून?"

सातसमुद्रेने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. पोराचं तोंड खरोखरच एवढंसं झालं होतं. क्षणभर त्याला कीव आली. मग खुर्ची आठवली आणि कीव गेली.

"असते तर," तो शांतपणे म्हणाला. "आणि बैठकीतून उठून बाहेर आलेल्याने परत जाताना उजवाही काढायचा असतो. नाहीतर मोठा अपमान होतो."

भाच्याने घाईघाईने उजवा बूट काढला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि नुसत्या मोज्यांवर आत गेला. सातसमुद्रेने दाराला कान लावला. आता आत खसखस पिकणार, नव्या मॅनेजरची पहिल्याच दिवशी शोभा होणार! पण हसण्याचा आवाज काही आला नाही. भाचा काहीतरी समजावून सांगत होता, दुभाषी बाई बोलत होत्या, खुर्च्या सरकत होत्या.

दार उघडलं. शिपाई सहा उजवे बूट छातीशी धरून बाहेर आला.

"हेही तुमच्याकडेच द्यायचेत म्हणे," तो म्हणाला. "नवीन मॅनेजर साहेब सांगत होते, दोन्ही बूट काढणं हा फार मोठा मान आहे. शेठनी तर ते आजपासून कारखान्याच्या नियमातच घालायला सांगितलंय."

सातसमुद्रेने पाय जवळ घेतले आणि मांडीवर आणखी जागा केली.