तीन नंबरची जर्सी धुतली गेली

मित्रांनो, जर्सी म्हटलं की तुमच्यापैकी काहींना गोठा आठवेल. पण मी दूध देत नाही. मी फुटबॉलची जुनी जर्सी आहे. छातीवर आडवा हिरवा पट्टा, पाठीवर तीनचा आकडा आणि बाकी सगळी पांढरीशुभ्र. निदान परवापर्यंत तरी होते. हल्ली माझा मुक्काम दुबईपलीकडच्या फुजैरात आहे. जन्म मात्र ब्राझीलमधला, पेद्रा मान्सा नावाच्या नदीकाठच्या एका लहानशा गावातला.

त्या गावात चामडं कमावण्याचा कारखाना होता. सुट्टीच्या दिवशी कामगार नदीकाठच्या गवतावर चेंडू लाथाडायचे. त्यातूनच आमचा क्लब उभा राहिला आणि त्याला गावाचंच नाव मिळालं. माझा मालक बेनेदितो हा क्लबचा बचावपटू. गडी धिप्पाड, पण गुडघे कायम सुजलेले. सामन्याआधी तो गुडघ्यांना एक उग्र वासाचं तेल चोळायचा आणि तेलकट हात खुशाल मलाच पुसायचा. मला तेव्हा राग यायचा. पण एका वर्षी राज्याच्या अंतिम सामन्यात आम्ही राजधानीच्या मातब्बर क्लबला धूळ चारली. गावाने बेनेदितोला खांद्यावर घेतलं, म्हणजे मलाही घेतलं. पुढे क्लब देशाच्या दुसऱ्या श्रेणीत जाऊन पोचला आणि आम्हाला आकाश ठेंगणं झालं.

पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. कारखाना बंद पडला. चांगले खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलले. स्टँडचे पत्रे गंजले, आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत घसरलो. यंदा तर रडकुंडीला आलो. सुरुवातीला दोन सामने जिंकले, मग बरोबरी, मग हार, पुन्हा हार. शेवटच्या मिनिटांत गोल खायची तर सवयच लागली. आता एकच सामना उरला होता. बरोबरी झाली तरी वाचणार, हरलो तर थेट चौथ्या श्रेणीत. आणि तिथे गेलेला लहान गावचा क्लब सहसा वर येत नाही हो.

बेनेदितो गेला तेव्हा त्याच्या मुलाने, जोर्जेने, मला न धुताच झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद केलं. माझ्यात त्याच्या वडिलांचा वास होता: तेलाचा, घामाचा, ओल्या गवताचा. जोर्जे पुढे फुजैराला आला. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांना तेल पुरवणाऱ्या बार्जवर तो इंजिनीयर आहे. टीव्हीवर आमच्या क्लबचा सामना असला की तो पिशवी उघडायचा, एकदा खोल श्वास घ्यायचा, मला खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि सामना संपला की पुन्हा बंद. अंगात त्याने मला कधीच घातलं नाही. त्याला वाटायचं, घातली की बाबा जातील.

त्याच बार्जवर चंद्रहास परुळेकर आहेत, मूळचे मालवणकडचे. त्यांच्याशी बोलून बोलून जोर्जे हिंदी शिकला. शेवटच्या सामन्याच्या आधी जोर्जेची ड्युटी समुद्रात लागली आणि त्याची खोलीही बदलायची होती. म्हणून त्याने माझ्यासकट आपली बॅग चंद्रहासांकडे ठेवली आणि सामना बघायला त्यांच्याच घरी येतो म्हणाला. "पिशवी मात्र उघडू नकोस हबीबी," एवढं त्याने बजावलं. चंद्रहासांनी मान डोलावली आणि घरी सांगायला विसरले.

सामन्याचा दिवस नेमका गणपतीचा निघाला. आदल्या दिवशी चंद्रहासांच्या बायकोने, संध्यावहिनींनी, घर धुऊन काढलं. बॅगेतून दर्प येत होता. त्यांना वाटलं, बिचारा एकटा माणूस, सारखा समुद्रावर, त्याचे मळके कपडे कोण धुणार? माया चांगलीच असते, पण तिला विचारायची सवय नसते. त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि चौरंगावर घालायच्या नव्या लाल कापडाबरोबर मशीनमध्ये टाकलं.

मित्रांनो, मी आत गरगर फिरत होते आणि बेनेदितो माझ्यातून सुटून चालला होता. बाहेर आले तेव्हा मी गुलाबी होते.

"आई, इट्स पिंक!" पर्णिका ओरडली. ही त्यांची मुलगी.

तेवढ्यात चंद्रहास आले. त्यांनी मला हातात उचललं. "अगं, ही त्याच्या बाबांची शेवटची जर्सी! त्यांचा वास जाऊ नये म्हणून कधी धुतली नव्हती त्याने!"

"गणपती यायच्या घरात पारोसं कापड कसं ठेवायचं?" वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही मला एका शब्दाने तरी सांगितलंत का?" मग त्यांनी माझ्यात नाक खुपसलं. साबणाचा वास आला, नुसता साबणाचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

लिंबू झालं, मीठ झालं, व्हिनेगर झालं. मी गुलाबीच राहिले. चंद्रहास म्हणाले, "ऑनलाइन अशीच दुसरी मिळते का बघू."

"बाबा, दॅट्स चीटिंग," पर्णिका म्हणाली.

"मीच सांगेन त्यांना," वहिनी म्हणाल्या.

माझी मात्र झोप उडाली. रंग गेला, वास गेला, मग माझ्यात आणि फरशीच्या फडक्यात फरक तो काय? जोर्जेने मला ओळखलंच नाही तर?

दुसऱ्या दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे संध्याकाळ, अशा वेळी जोर्जे आला. बूट बाहेर काढून त्याने गणपतीला हात जोडले. वहिनींनी त्याच्या हातात मोदकाची बशी दिली आणि लगेच मला पुढे केलं. "जोर्जेभाई, गलती हो गई. मैंने इसे धो दिया."

त्याने मला नाकाशी धरलं. एकदा, मग पुन्हा. बशी खाली ठेवून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"हबीबी, मॅच..." चंद्रहास हळूच म्हणाले.

जोर्जे वळला आणि त्याने मला सरळ डोक्यातून अंगात घातलं! आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं ना. पोटापाशी मी ताणले, काखेत शिवण कुरकुरली. पण कितीतरी वर्षांनी माझ्या आत माणूस होता.

सामना काय सांगू? जीव टांगणीला लागला होता. एसी चालू असूनही जोर्जे घामाने निथळत होता. गोल नाही, गोल नाही, आता सुटलो असं वाटत होतं. आणि अगदी शेवटी आमच्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला.

"खलास," जोर्जे म्हणाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. पुसता पुसता थबकला. बाही हुंगली. "पापा का नहीं है," तो म्हणाला. "मेरा है."

मग तो वहिनींकडे वळला. "भाभी, पापा खेलते थे तब माँ हर सोमवार इसे धोती थी. हर सोमवार! मैं भूल ही गया."

खरं सांगते, मीही विसरले होते. दर सोमवारी माझ्यातला बेनेदितो नदीच्या पाण्यात वाहून जायचा आणि दर रविवारी धावून, पडून, घाम गाळून तो पुन्हा माझ्यात यायचा.

जोर्जेने मला अंगातून काढलं आणि स्वतःच्या हाताने वहिनींकडे दिलं. "धो दो भाभी. संडे को यहाँ मैदान पे खेलने जाऊँगा, तब पहनूँगा. टीम चौथी में भी तो खेलेगी."

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू कितीही मळकी दिसली तरी हात लावण्याआधी विचारा. आणि तुमच्या घरी कुणाची आठवण पिशवीत बंद असेल, तर तिला अधूनमधून अंगाखांद्यावर घ्या. मी सध्या परुळेकरांच्या गॅलरीत दोरीवर वाळते आहे. गुलाबी झाले आहे, चौथ्या श्रेणीत गेले आहे आणि रविवारची वाट पाहते आहे.